ड्रोन आले म्हणून पायदळ संपत नाही

"आता युद्ध बटणावर. ड्रोनमुळे रणगाडे आणि पायदळ इतिहासजमा. उपग्रहांमुळे अचानक हल्ला अशक्य. नवं शस्त्र ज्याच्याकडे आधी, तो आठवड्यात जिंकणार, एकही जवान न गमावता." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. सैन्यात जायची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्यानं तो पाठवून विचारलं, "मामा, मग पायदळात जाऊन करायचं काय?" आता गप्प बसवत नाही.

रणगाडा संपल्याचं १९७३ सालीही छातीठोकपणे सांगून झालं होतं. त्या ऑक्टोबरात सुएझ कालवा ओलांडून आलेल्या इजिप्शियन शिपायांकडे सॅगर क्षेपणास्त्रं होती, सुटकेसमध्ये मावणारी, मागे तार सोडत जाणारी. सुरुवातीला त्यांनी इस्रायली रणगाड्यांची दाणादाण उडवली. पण लांबचा नेम साधायचा तर शिपायाला वाळूत पडून वीसेक सेकंद दांडी हलवत क्षेपणास्त्र वळवत राहावं लागे. हे कळल्यावर रणगाडे थेट त्याच्याच दिशेनं मारा करू लागले, जोडीला पायदळ आणि तोफा आल्या, नेम चुकू लागले. दहा दिवसांत इस्रायली फौज कालव्यापलीकडे पोचली होती.

अचानक हल्ला अशक्य म्हणणाऱ्यांनी याच युद्धावरचा, इस्रायलनं नेमलेल्या अग्रानात चौकशी आयोगाचा अहवाल बघावा. इजिप्तची जमवाजमव इस्रायलला दिसत होती. पण लांब पल्ल्याची विमानं मिळाल्याशिवाय इजिप्त लढणार नाही, असं गुप्तचर खात्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि १ जून २०२५ ला युक्रेननं ट्रकमध्ये लपवून नेलेले ड्रोन रशियाच्या हवाई तळांवर सोडले, तेव्हा आकाशात उपग्रह नव्हते का?

नवं शस्त्र आधी मिळालं की विजय, हेही खोटं. १९४४ मध्ये व्ही-२ हे लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र फक्त जर्मनीकडे होतं, तरी जर्मनी हरलीच.

एवढं मान्य करावं लागेल की ड्रोनमुळे आघाडीवर उघड्यावर हालणंही जीवघेणं झालंय.

पण "एकही जवान न गमावता" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते वाचून माणसं बिनदिक्कत युद्ध मागतात. युक्रेनमध्ये ड्रोनचे सिग्नल जॅम होऊ लागले, तेव्हा काचेच्या बारीक तारेवर चालणारे ड्रोन आले, मग रस्त्यांवर जाळ्या ताणल्या गेल्या. हे वर्षानुवर्षं चाललंय, आणि खंदकात माणसंच आहेत. २०२० मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या वादाच्या प्रदेशात, नागोर्नो-काराबाखमध्ये, अझरबैजानचे ड्रोन गाजले, युद्ध ४४ दिवसांत आटोपलं. तरी शुशा शहर घ्यायला सैनिकांना कडे चढूनच जावं लागलं. जिंकलेल्या अझरबैजाननं स्वतः जाहीर केलेल्या यादीत अडीच हजारांहून अधिक मृत सैनिक आहेत.