सहावीतल्या मुलालाही वाचता येतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सीमाभागातल्या मुलांवर मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांचं ओझं असतं, म्हणून त्यांना एकही धड वाचता येत नाही. चौथीपर्यंत वाचन आलं नाही तर पुढे येतच नाही. अशी मुलं आळशी असतात, त्यांच्याकडून रोज पाच पानं शुद्धलेखन काढून घ्या. आणि खरा उपाय काय, तर पहिलीपासून इंग्रजी माध्यम.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत माझी बरीचशी नोकरी वाचनात मागे पडलेल्या मुलांसोबतच गेली. हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

आधी भाषांच्या ओझ्याबद्दल. आपली पोरं घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतात, त्यात ती कधी गोंधळत नाहीत. दोन्ही लिप्या ब्राह्मीतून आलेल्या, क-ख-ग-घचा क्रमही तोच. ‘कमळ’ शब्दाचे क-म-ळ असे तुकडे एकदा पाडता आले की कन्नडसाठी ते कौशल्य नव्याने शिकावं लागत नाही, फक्त अक्षरांची वळणं शिकायची राहतात. एका भाषेतलं वाचन दुसरीला आधार देतं, ही मांडणी द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच केली होती. खरी अडचण नेमक्या दोन-तीन जागी येते. कन्नडात ‘कि’ची खूण अक्षराच्या डोक्यावर जोडतात, मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. कन्नडात जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं, मराठीत बहुधा पहिलं अर्धं होतं. कन्नडात अनुस्वार म्हणजे अक्षरापुढचं शून्य, आपल्याकडे डोक्यावरचा टिंब. हे फळ्यावर शेजारीशेजारी लिहून दाखवलं की मुलं पटकन पकडतात. दाखवायचंच नाही आणि दोष मात्र कन्नडला द्यायचा, हे मला पटत नाही.

चौथीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. तिथून पुढे परिसर अभ्यास काय, शाब्दिक उदाहरणं काय, सगळंच वाचून समजून घ्यावं लागतं, आणि ज्याला वाचता येत नाही तो सगळ्याच विषयांत मागे पडतो. २०२१ च्या केंद्राच्या निपुण भारत योजनेने तिसरी संपेपर्यंत वाचता आलं पाहिजे अशी मर्यादा घातली ती त्यासाठीच. पण ती मुदत शाळेला आहे. मुलाची शिकायची ताकद त्या दिवशी संपत नाही. केरळातला एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये पूर्ण साक्षर जाहीर झाला, तो मोठ्या माणसांना अक्षरं शिकवूनच. मेंदूचे अभ्यासक स्तानिस्लास देहेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रौढपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही वाचनामुळे होणारे बहुतेक बदल दिसले.

सहावीतला एक मुलगा धडा खडाखडा म्हणायचा, पण बोट भलत्याच ओळीवर असायचं. गाईचं चित्र असलेल्या पानावरचा ‘गावात’ हा शब्द मी दाखवला. म्हणाला, “गाय.” चित्र हाताने झाकलं. बराच वेळ बघून म्हणाला, “गवत, बाई.” म्हणजे अक्षरं त्याला येत होती, काना सुटत होता. तिथूनच सुरुवात केली. नळ-नाळ, पट-पाट, मळ-माळ. काना पक्का होईपर्यंत वेलांटीला हात लावला नाही. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ने त्याला फार दमवलं. वर्ष सरता सरता त्याने घरी आलेली लग्नपत्रिका ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून आजीला वाचून दाखवली. तो आळशी नव्हता. कुठे अडतंय ते कुणी पाहिलंच नव्हतं.

पाच पानं शुद्धलेखनाने हे कळलं नसतं. न वाचता येणारं मूलसुद्धा बघून सुबक लिहितं, कारण ते चित्र काढत असतं. त्याऐवजी डोळे आणि कान तपासून घ्या. नीट शिकवूनही प्रगती होत नसेल तर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या जन्मजात अडचणीची, तपासणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, आणि एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्षी धावपळ करण्यापेक्षा हे आधी केलेलं बरं. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या आया विचारतात, मलाच वाचता येत नाही, मी काय करू? हात कामात असले तरी भेंड्या खेळता येतात. शेवटचं अक्षर पकडायची सवय लागणं हा वाचनाचाच पाया आहे.

इंग्रजी माध्यमाबद्दल थोडक्यात. ‘कॅट’ आणि ‘सिटी’ दोन्हींची सुरुवात एकाच अक्षराने होते, उच्चार वेगळे. ज्याला कळणाऱ्या भाषेतच काना सापडत नाही, त्याला न कळणाऱ्या भाषेत हे कसं सापडणार? २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असंच सांगतं. इंग्रजी विषय म्हणून जरूर शिकवा.

तो मेसेज पुढे पाठवण्याआधी मुलाला जवळ बसवा, पुस्तकातलं चित्र झाका आणि ओळीच्या मधलाच एखादा शब्द विचारा. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं कागदावर लिहा आणि तो कागद वर्गाच्या बाईंना किंवा सरांना दाखवा.