मी रोबोट नाही

रविवारी सकाळी मिसळ खाऊन घरी परतलेल्या नाशिककराला जगात कसलीच घाई नसते. मीही तीनदा रस्सा मागवून, कपाळाचा घाम पुसत आलो आणि कॉम्प्युटर सुरू केला. पुतण्याच्या लग्नाचा बायोडेटा अर्धवट राहिला होता. 'उंची 5 फूट 7 इंच, वर्ण निमगोरा' इथवर आलो असेन, तोच उजव्या कोपऱ्यात खाली टण्णकन आवाज होऊन एक लाल डबा उगवला. 'धोका! तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले.'

"अहो, दारात कोण आलंय बघा," स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"दारात नाही, आत आलंय," मी म्हणालो.

हा कॉम्प्युटर 2020 च्या लॉकडाउनमध्ये चिरंजीवांच्या ऑनलाइन कॉलेजसाठी जोडून घेतला. चिरंजीव पुढे शिकायला पुण्याला गेले, कॉम्प्युटर मागे राहिला आणि त्याचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. बायकोने त्याला झालरीचं कव्हर शिवलंय. दसऱ्याला त्याची पूजा होते. कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आहे आणि मागच्या दसऱ्याच्या झेंडूची एक पाकळी आत पंख्यापाशी अडकून बसलीय. पंखा जोरात फिरला की ती फडफडते आणि आत माशी कोंडल्यासारखा आवाज येतो. एवढी बडदास्त असलेल्या घरात व्हायरस शिरावा म्हणजे काय!

मी फुलीवर टिचकी मारली. डबा गेला, दुसरा आला. दुसरा घालवला तर दोन आले. गोदावरीला पूर किती आलाय हे नाशकात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. आमच्या स्क्रीनवर आमच्या लग्नाचा फोटो आहे. अकरा वाजता डबे माझ्या शेरवानीच्या कमरेपर्यंत चढले होते. साडेअकराला नवरदेव गळ्यापर्यंत बुडाला. नवरी डावीकडे असल्यामुळे कोरडी होती.

घरात चौकशी सुरू केली. आई 78 वर्षांची, तिला व्हायरस म्हणजे काय हे सांगावं लागलं. ऐकून घेऊन ती म्हणाली, "कुणाकुणाचं काय काय त्यात खुपसत असता तुम्ही. उष्ट्यानेच बाधतं." मी हसलो खरा, पण पेनड्राइव्हची इतकी शास्त्रशुद्ध व्याख्या मला आजवर कुणी सांगितली नव्हती. सीबीएस बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह घरी लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असायचे, तो काळ मी भोगलाय. फायली आतच असायच्या, फक्त लपवलेल्या. त्या बाहेर काढायची कमांड मी चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवली होती, बायकोच्या फोटोच्या पुढे.

तरी ते व्हायरस घरचेच वाटायचे. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस केला, 'ब्रेन' नावाचा, तर त्यात स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातले होते. उपद्रव करायचा तर पत्त्यासकट, असा तो सरळ जमाना. पुढे मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' असं लिहिलेली ईमेल जगभर फिरली आणि सोबतचं प्रेमपत्र उघडलं की कॉम्प्युटर आडवा व्हायचा. मी तेव्हा सातपूरला नोकरीला होतो. आमचे अकाउंटंट, लग्नाला वीस वर्षं झालेली, त्यांनी ते तीनदा उघडलं. पहिल्यांदा नीट वाचता आलं नाही म्हणाले.

वरच्या मजल्यावरचे काका आले. ते प्रेसमधून रिटायर झालेत, म्हणजे नोटांच्या प्रेसमधून. नाशिकरोडकडे नुसतं प्रेस म्हटलं की पुरतं. त्यांनी कमरेवर हात ठेवून स्क्रीन पाहिली. "आमच्याकडे आत-बाहेर करताना झडती व्हायची. तुम्ही याची झडती घेत नाही, मग हे होणारच." काकूंचं मत पडलं की एकदा त्र्यंबकला जाऊन कालसर्पशांती करून टाकावी. कुणाची, माझी की कॉम्प्युटरची, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराला फोन केला तर मी 'हॅलो' म्हणताच तो "फॉरमॅट मारावा लागेल, काका" म्हणाला.

शेवटी मी मर्दासारखा त्या लाल डब्यावरच क्लिक केलं. सगळी स्क्रीन व्यापणारं पान उघडलं, भोंगा वाजू लागला आणि एक फोन नंबर लुकलुकायला लागला. मी तो लावला. लावायला नको होता, हे आता मलाही कळतं.

पलीकडचा गृहस्थ हिंदीत बोलत होता आणि इतकं गोड, की आमच्या नात्यात इतकं गोड फक्त जमीन विकायची असली की बोलतात. तो म्हणे मोठ्या कंपनीचा इंजिनिअर. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, म्हणाला. मग इंग्रजी आठ अक्षरं एकेक करून लिहायला लावली. एक भलीमोठी यादी उघडली, लाल खुणा, पिवळ्या खुणा, खाली खाली जातच होती. "सर, ये सब व्हायरस है." माझ्या पोटातली मिसळ वर यायला लागली. त्याने 8,999 रुपयांत तीन वर्षांचं संरक्षण देऊ केलं आणि त्याआधी, माझा कॉम्प्युटर त्याला तिकडे बसून चालवता येईल असं एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितलं. मी 'जी, जी' करत उतरवायला घेतलं. 40 टक्के. 55 टक्के. 63 टक्के.

आणि नेट गेलं.

नाशकात सध्या सिंहस्थाची कामं चालू आहेत. कुंभमेळा आला की शहर आधी खणायचं, मग भरायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंधरा दिवस एक जेसीबी उभा होता आणि त्याला मी रोज घालायला नकोत ते शब्द घालत होतो. त्याच्या दातात आमची केबल आली. मी गॅलरीतून पाहिलं, काळी वायर नूडलसारखी लोंबत होती आणि चालक बिडी पेटवत होता. इंजिनिअरसाहेबांना सांगितलं की नेट गेलं. गोडवा तत्क्षणी संपला. "मोबाईल का हॉटस्पॉट चालू करो," असं अरे-तुरेवर आला, तेव्हा कुठे बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि कट केला.

मग मुलाला फोन. लाल डब्याचा फोटो मी सकाळीच काढून ठेवला होता. त्यात माझ्या अंगठ्याची तर्रीसकट सावलीही आली होती. तो पाठवला.

"बाबा, व्हायरस असं बोंबलत येत नाही. तो गपचूप बसतो. ही क्रोमची नोटिफिकेशनं आहेत. आणि ती लाल-पिवळी यादी म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, ती प्रत्येक विंडोजमध्ये तशीच असते. वॉचमनची वही समजा. पैसे गेले असते तर लगेच सायबर हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करायला लागला असता." मग थांबून म्हणाला, "फोटोत टायटलखाली बारीक अक्षरात साइटचं नाव दिसतंय. फ्री मॅरेज बायोडेटा काहीतरी. कोण गेलं होतं तिथे?"

फोन स्पीकरवर होता. काका, काकू, बायको, आई, सगळे माझ्याकडे पाहत होते.

गुरुवारी रात्री मला बायोडेटाचा गणपतीवाला नमुना फुकट हवा होता. एक चौकट आली: तुम्ही रोबोट नसाल तर 'अलाऊ' दाबा. आता मी रोबोट नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दाबलं. लोकांच्या बायोडेटात 'निर्व्यसनी' लिहितात ना, त्याच अभिमानाने दाबलं.

क्रोमच्या सेटिंगमध्ये, साइट सेटिंग, नोटिफिकेशन, अशी यादी निघाली. परवानगी दिलेल्या 14 साइट. मुलगा एकेक वाचायला लावत होता आणि मी आवाज कमी कमी करत वाचत होतो. जुनी गाणी फुकट. मोफत कुंडली. केस पुन्हा उगवा 21 दिवसांत. काकूंनी तिथे पदर तोंडाला लावला. सगळ्या काढून टाकायला दोन मिनिटं लागली. अर्धवट उतरलेलं ते सॉफ्टवेअरही काढलं. मग विंडोजचंच आपलं स्कॅन पूर्ण चालवलं, ते मात्र जेवण आणि झोप होईपर्यंत चाललं होतं. सापडलं काहीच नाही. नवरदेव कोरडा झाला.

संध्याकाळी आई देवापुढे दिवा लावून आली. "गेला का रे तो?"

"गेला."

"पण आला कसा म्हणायचा?"

मी बायकोकडे पाहिलं. ती फुलवाती वळत होती आणि मुद्दाम मान वर करत नव्हती.

"सिंहस्थाची कामं चालू आहेत ना," मी म्हणालो. "त्यामुळे."

"तरीच," आई म्हणाली.