पावसात सड्यावर गाडी घालणाऱ्यांनो, जरा पूर्वेकडं बघा

पाऊस लागला की आपल्या साताऱ्यात एक नवीन जमात दिसायला लागते. थार, जिम्नी, एखादी जुनी जिप्सी, बोनेटवरचा चिखल मुद्दाम न धुता ठेवलेला, आणि रविवारी सकाळी पोवई नाक्यावर चहा झाला की सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. कास, ठोसेघर, चाळकेवाडी, सडावाघापूर. माझं मत कुणाला आवडणार नाही पण सांगतोच. ऑफरोडिंग, म्हणजे रस्ता सोडून माळावर-ओढ्यात गाडी घालणं, करायचं असेल तर पाऊस संपू द्या आणि तोंड पूर्वेला करा. पश्चिमेला खुशाल फिरायला जा, डांबरीवरून जा, कणीस खा, भजी खा, भिजा, परत या. पण गाडी सड्यावर घालू नका.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार, खाली जांभा दगड आणि त्यावर कुठं बोटभर कुठं चार बोटं माती, बास. त्यातच ती सगळी फुलं येतात. गाडीचं एक चाक तिथं फिरलं की माती उकरून निघते, आणि पुढच्या पावसात वाहून जाते, ती परत कुठून येणार? कासला कुंपण का घातलं म्हणून ओरडणारे आपणच, आणि कुंपण नसलेल्या सड्यावर डोनट मारून, म्हणजे गाडी गरागरा गोल फिरवून, रील टाकणारेही आपलेच. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला त्यात कासही आहे. पण पवनचक्क्यांच्या बाजूचे सडे काय वेगळ्या मातीचे आहेत का? अभयारण्याच्या हद्दीचं तर बोलायलाच नको. बामणोलीच्या पलीकडं कोयनेचं जंगल म्हणजे व्याघ्र प्रकल्प, तिथं परवानगीशिवाय पाय टाकला तरी वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, गाडीचं तर सोडाच.

आणि फुलांचं राहू दे, स्वतःच्या जिवाचं तरी बघा. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, त्यावर गवत, गवताखाली काय आहे ते दिसत नाही, त्यात धुकं. सड्याची कड कुठं संपते ते कळायला कठडा नसतो. २०२५ च्या जुलैत पाटण-सडावाघापूर रस्त्याच्या टेबल पॉइंटवरून गाडी दरीत गेली ती आठवते ना? सपाट दिसतं म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि ओल्या गवतावर फोर बाय फोरचा काही उपयोग नसतो, चारही चाकं एकदम घसरतात एवढाच फरक.

आता पूर्वेचं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. म्हणजे मुरमाड माळ, कोरडे ओढे, बोडके डोंगर, बैलगाडीच्या जुन्या वाटा, ऑफरोडिंगला लागतं ते सगळं. कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडीच्या बाजूला निवांत दोन तासांत पोचता येतं, सकाळी सहाला निघालं तर नाश्ता करूनसुद्धा आठ-साडेआठला तुम्ही मुरमावर असता. दिवस नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचे घ्या. फक्त सेवागिरी महाराजांची यात्रा कधी आहे ते आधी बघा, नाहीतर पुसेगावातच ऑफरोडिंग होईल.

पण पूर्वेला जायचं म्हणजे मोकळं रान मिळालं असंही नाही हो. मला सगळ्यात जास्त राग इथंच येतो. माळ दिसला की पोरांना वाटतं कुणाचाच नाही. अरे, तो कुणाचा तरी आहे. एकतर खाजगी, नाहीतर गायरान, नाहीतर वनखात्याचा, आणि त्या डोंगरउतारावर आडव्या रेघा दिसतात ना, ते पावसाचं पाणी अडवायचे सलग समतल चर आहेत. गावातल्या बायाबापड्यांनी, शाळेच्या पोरांनी उन्हातान्हात श्रमदान करून खणलेले. पाणी अडवायच्या कामाची गावागावांतली स्पर्धा, वॉटर कप, २०१६ साली कोरेगावातल्या वेळूनं जिंकला आणि २०१८ ला माणमधल्या टाकेवाडीनं, ते काय उगीच नाही. त्या चराचा बांध तुमच्या चाकानं फुटला की पुढच्या पावसात पाणी तिथूनच फुटतं, आणि मग खालचे चर पण जातात. तुम्हाला एक चाक वर एक चाक खाली असा मस्त आर्टिक्युलेशनचा फोटो मिळतो, गावाचं पाणी जातं.

म्हणून ट्रिपचं प्लॅनिंग गुगल मॅपवर सुरू होत नाही, ते आठवडाभर आधी गावात जाऊन सुरू होतं. टू व्हीलरवर जा. सरपंचांना भेटा, पोलीस पाटलांना सांगा, ज्याचं रान आहे त्याच्याकडं बसून चहा घ्या. "मामा, रविवारी तीन गाड्या आणू का या ओढ्यानं?" असं विचारलं की मामा स्वतः सांगतात, इकडनं घाला, तिकडं शाळू हाय, तिकडं नको. कुठं विहीर उघडी आहे, कुठं तार टाकलीय, धनगराची मेंढरं कुठल्या बाजूला बसलीत, हे कुठल्या ॲपवर मिळणार सांगा बरं. शिवाय गाडी फसल्यावर ट्रॅक्टर त्यांचाच येणार आहे.

गाड्या किमान दोन, तीन असतील तर उत्तम, सहाच्या वर नको. एकट्या गाडीनं जाणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्याबरोबर जात नाही. डिझेल-पेट्रोल सातारा सोडताना फुल्ल, कारण फोर लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये, गाडी कशी पिते ते चालवणाऱ्याला माहीत आहे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तीन वाजता जिथं असाल तिथून माघारी, "अजून एक चढ" हा विषय तीननंतर नाही. कारण गाडी फसली तर काढायला दोन तास आरामात जातात आणि अंधारात काढणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण.

काढण्यावरून आठवलं, यावर जरा सविस्तर बोलतो कारण माणसं चढ-उतारापेक्षा इथं जास्त जखमी होतात. बाजारातली नायलॉनची दोरी, जेसीबीवाल्याची वायर, ट्रेलर लावायचा मागचा गोळा, या तिन्हींना हात लावायचा नाही. तो गोळा तुटला तर गोळीसारखाच सुटतो आणि वाटेत काच असो की डोकं, त्याला फरक पडत नाही. बंपरमध्ये फिरवून बसवायचा हुक सपाट रस्त्यावर टोचन करायला असतो, चिखलातनं हिसक्यानं ओढायला नाही. चेसिसला पक्का बसवलेला रिकव्हरी पॉइंट, म्हणजे फसलेली गाडी ओढायचा हुक, पाहिजे, त्यात रोप अडकवायला लोड लिहिलेले शॅकल (लोखंडी कड्या) पाहिजेत, हिसका द्यायचा असेल तर ताणला जाणारा कायनेटिक रोप, आणि नुसतं हळू ओढायचं असेल तर साधा पट्टा. हे दोन वेगळे आहेत, अदलाबदल करू नका. रोपवर मधोमध ओलं पोतं टाका म्हणजे सुटला तरी जोर मरतो. बघे लोक रोपच्या लांबीच्या दीडपट लांब. व्हिडिओ काढणारा पण. तोच सगळ्यात पुढं येतो हे माझं निरीक्षण आहे. आणि हे सगळं करायच्या आधी फावड्यानं चाकापुढची माती काढा, टायरची हवा अजून थोडी कमी करा, निम्म्या वेळा गाडी तेवढ्यावरच निघते.

हवेचं म्हणाल तर मुरमावर बावीस-चोवीस पीएसआयला यायचं, मऊ वाळूत अठरा-वीस, त्याखाली साध्या रिमवर टायर निसटायची भीती. चढावर गाडी बंद पडली तर घाबरून नुसता क्लच दाबायचा नाही, आधी ब्रेक घट्ट धरायचा, मगच क्लच दाबून रिव्हर्स टाकायचा, आणि क्लच सोडून सरळ मागं यायचं, इंजिनच्या जोरावर. आडवी वळवली की कलंडली. उतारावर फोर लो, पहिला गिअर, आणि क्लचवरनं पाय बाजूला. अंगठा स्टिअरिंगच्या आत घालायचा नाही, दगडानं चाक फिरलं की अंगठा जातो. ओढ्यात पाणी असेल तर आधी चालत जाऊन बघायचं, वाहतं असेल आणि गुडघ्याला लागत असेल तर विषय संपला. कंपनी थारला ६५० मिलीमीटर सांगते ती साठलेल्या पाण्याची गोष्ट समजा. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग टोचन थेट गॅरेजपर्यंत.

गवत वाळलं की अजून एक भानगड. नवीन डिझेल गाड्यांमधला धुराचा फिल्टर गाडी आपोआपच जाळून साफ करते, तेव्हा सायलेन्सर भट्टीसारखा तापतो. वाळक्या गवतावर उभी केली की वणवा लागायला वेळ नाही, आणि एका वणव्यात त्या गावाचा वर्षाचा चारा जातो. गाडी उघड्या मुरमावरच उभी करायची, अग्निशामक सिलिंडर सीटखाली हाताला येईल असा, सामानाच्या तळाशी नाही.

मोबाइलला डोंगराआड रेंज जाते, म्हणून घरी कुणाला तरी गावाचं नाव आणि परतायची वेळ लिहून द्या. ११२ पण रेंज असली तरच लागतो.

हायवेला लागायच्या आधी हवा भरायची, कंप्रेसर नसेल तर दहिवडीत पंक्चरवाल्याकडं. बावीसच्या हवेवर नव्वदनं निघाला तर टायर तापून फुटतो, आणि दिवसभर ओढ्यात काही न झालेला माणूस डांबरीवर उलटतो.

दिवाळीनंतर आम्ही निघणारच आहे. गावात विचारून झालं की तारीख टाकतो. कुणाला यायचं असेल तर कमेंट करा, गाडी कुठली ते लिहा, रिकव्हरी पॉइंटचा फोटो टाका. स्टॉक गाडी चालेल, नवीन माणूस पण चालेल. ब्लूटूथ स्पीकर चालणार नाही, मामांची मेंढरं बुजतात.