टाकीच्या रंगावरून बॉनव्हिलचे साल ठरत नाही

ट्रायंफ बॉनव्हिलच्या टाकीचा रंग पाहून गाडीचे साल सांगता येते, असा दावा जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या हौशी मंडळींत एका तक्त्यासह सर्रास फिरत असतो. दर साली एकच रंग, इंजिन आणि फ्रेमचा नंबर जुळला की रंगही कारखान्याचाच, आणि छटा जुळली नाही तर टाकी नंतर रंगवलेली, असे हा तक्ता गृहीत धरतो.

यातले पहिले गृहीतक पहिल्याच बॉनव्हिलपाशी कोलमडते. १९५९च्या हंगामासाठी, म्हणजे त्या सालचे मॉडेल म्हणून, आलेली ही गाडी आरंभी नारिंगी आणि मोतिया करड्या रंगांत होती. तो नारिंगी अनेक ग्राहकांना, विशेषतः अमेरिकेत, रुचला नाही आणि त्याच हंगामात त्याच्या जागी रॉयल ब्लू आला. म्हणजे १९५९ची निळी गाडी पाहून तिला बनावट ठरवणारा तक्त्यावर विसंबून अस्सल गाडीच नाकारतो.

शिवाय ‘साल’ कोणते, हेही तक्ता सांगत नाही. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीजवळच्या ट्रायंफच्या मेरिडन कारखान्यात नवा हंगाम जानेवारीत नव्हे, तर उन्हाळी सुटीनंतर सुरू होई. १९६९च्या हंगामापासून नंबरच्या आधी दोन अक्षरे ठोकली जाऊ लागली, पहिले महिन्याचे आणि दुसरे हंगामाचे. ‘एनसी’ अक्षरांची गाडी ऑक्टोबर १९६८ मध्ये तयार झालेली, पण हंगाम १९६९चा. ती दुकानात पडून राहून १९७० मध्ये नोंदली गेली असेल, तर एकाच गाडीला तीन साले चिकटतात आणि त्यांतले तक्त्यातल्या रंगाशी जुळते ते केवळ मधले.

नंबर जुळण्याचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण नंबर इंजिनावर आणि फ्रेमवर असतो, टाकीवर किंवा मडगार्डवर नसतो. ब्रिटनमधल्या गाड्यांना चार गॅलनची मोठी टाकी असे, तर अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना लहान निमुळती. पुढे अमेरिकेतून परत आणलेल्या कितीतरी गाड्यांवर मोठ्या टाक्या चढल्या, त्यांचे नंबर मात्र जसेच्या तसे राहिले. व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे असलेल्या कारखान्याच्या नोंदवह्यांतून गाडी कधी आणि कुठे पाठवली गेली ते कळते. आज तिच्यावर बसलेली टाकी तिचीच आहे की नाही, हे त्या वह्या कशा सांगणार?

छटेबाबतचा आक्षेप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. १९६९च्या ऑलिम्पिक फ्लेमसारखे रंग चमकदार धातुरंगी थरावर पारदर्शक रंग देऊन साधत, आणि असा रंग उन्हात विटतो. त्यामुळे टाकीचा माथा फिकट आणि गुडघ्याजवळच्या रबरी पॅडखालचा भाग गडद, हे बहुधा जुन्या रंगाचेच लक्षण असते. उलट पॅड काढल्यावर खालीही तंतोतंत तीच छटा दिसली, तर मात्र शंका घ्यावी.

रंगापेक्षा बदलायला कठीण अशा खुणा आधी पाहाव्यात. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असतील, तर गाडी १९६३च्या हंगामापूर्वीची नाही. तेल फ्रेमच्याच नळीत भरत असेल, तर १९७१च्या आधीची नाही. या चौकटीत हंगाम ठरला, की मग तक्ता उघडायला हरकत नाही.