निनावी बदनामीवर उपाय नाही, असं कुणी सांगितलं?

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतोय: ‘कलम ६६अ रद्द झालंय, त्यामुळे फेक अकाउंटवरून बदनामी झाली तर काही करता येत नाही. करणारा सापडत नाही. मजकूर लगेच डिलीट करून घ्या आणि १९३० ला फोन करा.’ आधीच खचलेल्या माणसाला यातून चुकीची वाट दाखवली जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ रद्द केलं, हे खरं. पण बदनामीचा गुन्हा त्या कलमात नव्हताच. तो दंड संहितेच्या ४९९-५०० मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ मध्ये आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा अदखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत असा) असल्याने पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे फक्त नोंद, लिहून घरी पाठवतात, तिथेच लोक हार मानतात. पण दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद करता येते. नाव लपवून धमकी दिली असेल तर त्याच संहितेचं कलम ३५१(४) वेगळं आहे.

‘सापडत नाही’ म्हणाल, तर दिवाणी दाव्यात अनोळखी प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ असं नाव देऊनही मनाई हुकूम मागता येतो. खात्यामागची माहिती देण्याचा आदेश न्यायालय कंपनीला देऊ शकतं.

१९३० हा क्रमांक पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करायच्या.

सगळ्यात घातक सल्ला डिलीट करण्याचा. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने रडत रडत पहिल्याच दिवशी मजकूर काढायला लावला. महिन्याभराने वकिलांपुढे ठेवायला तिच्याकडे दोन कापलेले स्क्रीनशॉट होते. लिंक नाही, तारीख नाही. आधी मजकुराची आणि प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ, पूर्ण स्क्रीनशॉट जपा. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून स्क्रीनशॉट घेतलेला फोन विकू नका. खातं बंद झाल्यावर नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस जपायची असते. पुढची हमी नाही. पुरावा जपला, की मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे मजकूर हटवण्याची मागणी खुशाल करा.

न आवडलेली प्रत्येक टीका बदनामी नसते, हेही सांगायला हवं. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य कायद्याने अपवाद मानलंय.

आणि नुकसानभरपाईचा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. ‘काही होत नाही’ वाचून गप्प बसलेल्याचं तेच वर्ष निघून जातं.