कोठीतली गेरूची रेघ

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होईल. ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा.

लेकीच्या क्लासचा पालक मेळावा होता. बोलावलं दहाला, वक्ते आले साडेअकराला. विषय व्यक्तिमत्त्व विकास. अंगात कोट, कानाला माईक, मागे मोठा पडदा. पहाटे पाचला उठा, आरशात बघून "मी जिंकणार" म्हणा, वहीत ध्येयं लिहा, दर वर्षी एक पायरी वर चढा. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गेल्या पाच वर्षांत ज्यांचं प्रमोशन झालं त्यांनी हात वर करा." बरेच हात वर गेले. मी दुसऱ्याच ओळीत होते आणि बँकेतली म्हणून मला सगळे ओळखतात, त्यामुळे माझा खाली राहिलेला हात त्यांना बरोबर दिसला. "मॅडम, तुमचं का नाही झालं?" मी उभी राहून सांगितलं, "मी घेतलं नाही." त्यावर ते सभागृहाकडे वळले आणि माईकवर म्हणाले, "बघा, ह्यालाच म्हणतात कम्फर्ट झोन!"

लोक हसले. शेजारी माझी लेक खाली मान घालून नखाची साल काढत बसली होती. अकरावीत आहे ती.

मला त्या क्षणी आमची मोठीमाय, म्हणजे आजी, आठवली. बोरीकाठच्या आमच्या गावच्या घरात तिची पत्र्याची मोठी कोठी होती. चैत्र-वैशाखात गहू निघाले की ऊन दाखवून, निंबाचा पाला घालून त्यात भरायचे. मी आठ-नऊ वर्षांची, अंगाने बारीक. मला वरच्या तोंडातून आत उतरवायची. वरून पाट्या ओतत जायच्या आणि मी आत पायाने गहू सारखे करत वर वर येत जायची. नाकात तूस, मानेला खाज, पायाखाली गरम दाणे. कोठीच्या आतल्या बाजूला मोठीमायने बोटाने गेरूची रेघ ओढलेली होती. गहू रेघेला लागले की मी आतून ओरडायचं, "लागले!" की ओतणं बंद.

एका वर्षी गहू खूप झाले. काका म्हणाले, गच्च भर, दिवाळीला भाव चढतो. कोठीत रेघेच्या वर चांगली हातभर जागा होती. मोठीमाय म्हणाली, "आमले इतलं बस व्हई. जास्ती कसाले?" उरलेले गहू विकले, दुकानदाराची उधारी फेडली, दोन पायल्या शेजारच्या एकट्या बाईच्या घरी पाठवल्या. त्या वर्षी दिवाळीला भाव चढला, हेही खरंय. काका पुढे कितीतरी वर्षं तेच ऐकवायचे.

पण ती रेघ अंदाजपंचे नव्हती हो! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचा तो हिशोब होता. घरात खाणारी माणसं नऊ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या दोघी आत्या आणि त्यांची पोरं. भाद्रपदातली पित्रं. एखादं लग्न. दारात येणारा मागता. एवढं सगळं धरून ती रेघ होती. तिला कोणी उभं करून "बाई, तुम्हाला मोठं व्हायचंच नाही का" असं विचारलं असतं तर?

आता माझं सांगते, कारण अर्ध्या लोकांना वाटतं मला परीक्षा जमली नाही. क्लार्कची ऑफिसर व्हायची परीक्षा मी पास झाले होते. ऑर्डर आली रत्नागिरी जिल्ह्यातली. लेक तीन वर्षांची, सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. ते काही पाठीवर बांधून कोकणात नेता येत नाही. मी नकार लिहून दिला. त्यानंतर दोनदा फॉर्म निघाला, मी भरला नाही. तेव्हा सासरेही नव्हते, लेकही मोठी झाली होती. तरी भरला नाही. वहीत हिशोब मांडून बघितला होता. सासऱ्यांचं जुनं घर आहे, हप्ता नाही. कार नाही, घ्यायची नाही. मी सायकलने बँकेत जाते. (मे महिन्यात नाही जात. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की रिक्षा, उगाच खोटं कशाला सांगू.) सणाला नवी साडी घेतेच असं नाही. आणि सहाला मी घरी असते. भाकरी थापताना लेक ओट्याशी बसून दिवसभराचं सगळं सांगते. ह्या तासाची किंमत मला त्या पगाराच्या फरकात दिसली नाही.

पैसा लागतो. सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही दोन ठिकाणी हात पसरले, तेव्हा ऑफिसरचा पगार असता तर बरं झालं असतं. आणि ज्या मैत्रिणी लेकरं मागे ठेवून लांबच्या ब्रँचला गेल्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांची रेघ त्यांनी ओढली. राग येतो तो दुसऱ्याच्या कोठीत डोकावून "अजून जागा आहे की" म्हणणाऱ्यांचा!

आणि हे बोलायला गाव कोणतं निवडलं, तर अमळनेर. साने गुरुजी ह्याच गावात सहा वर्षं शिक्षक होते आणि १९३० साली चांगली चालू नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी खाली बसून ते उतरवून घ्यायचे. त्या दोघांना प्रमोशनचा हात वर करायला सांगा ना कोणीतरी. मी काही त्यांच्या पायाच्या धुळीचीही नाही, कळतं मला. पण ह्या गावातल्या पोरांसमोर यश म्हणजे फक्त वर चढणं, असं सांगताना जीभ जरा तरी अडखळायला हवी होती.

वक्त्यांनी विप्रोचं उदाहरण दिलं, ते तर द्यायचंच होतं. १९४५ ला इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ती कंपनी निघाली, गावातल्या साध्या साध्या माणसांनी शेअर घेतले आणि त्यांची घरं करोडपती झाली. खरंय, आम्ही ती घरं बघतो. पण ती माणसं काय रोज पाचला उठून आरशाशी बोलत होती का? कागद पेटीत ठेवला आणि आपापला धंदा, आपापली शेती करत राहिली. दुप्पट झाले तरी विकले नाहीत, दहापट झाले तरी विकले नाहीत. त्यांच्यातले कितीतरी अजून जुन्याच घरात राहतात, साधेच कपडे घालतात. मला त्यांच्यात मोठीमाय दिसते.

स्वतःला सुधारायला माझा विरोध नाही. मीही रोज धडपडते. बँकेत लागले तेव्हा मी काउंटरवर फार खेकसायची. एकदा एका म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत बोलले, ते काही न बोलता पासबुक कापडी पिशवीत घालून निघून गेले. पुन्हा आमच्या ब्रँचला आलेच नाहीत. तो चेहरा अजून जात नाही डोळ्यापुढून. आता नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची रांग लागते, जन्मभर निंदणी-वेचणी केलेल्या बायांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत. रेषाच झिजल्यात. मी ओला रुमाल ठेवते, अंगठा पुसते, कोरडा करते, परत लावते. चार वेळा, पाच वेळा. आता चेहऱ्यावरूनही दाखला होतो, तोही मोबाईलवर काढून देते. मागची माणसं कुरकुरतात. पण माझा आवाज चढत नाही. ह्याला मला अठरा वर्षं लागली. हा विकास कोणत्या पडद्यावर दाखवतात?

दुपारपासून रागाने धुमसत होते. आता लिहिता लिहिता तो जरा उतरलाय, म्हणून पुढचंही सांगते. मेळाव्यातून परत येताना लेकीने विचारलं, "मम्मी, तू खरंच घाबरली होतीस का?"

मी लगेच "नाही" म्हणाले. मग गावातल्या पैलाड भागापर्यंत आम्ही दोघी काहीच बोललो नाही. घरी येऊन वांगी भाजायला ठेवली आणि मग तिला खरं सांगितलं. पहिल्या वेळी हो, घाबरले होते. अनोळखी गाव, एकटी खोली, साहेब म्हणून सही करायची. सासऱ्यांचं आजारपण खरंच होतं, पण त्याच्या आड माझी भीतीही होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी नव्हती. तेव्हा मी हिशोब करून नाही म्हटलं. म्हणजे त्या माणसाचं एक तृतीयांश बरोबर होतं. पण ते माझ्या लेकीने मला एकटीला विचारलं. त्याने दोनशे माणसांत माईकवर सांगितलं.

ती म्हणाली, "मग मला बाहेर शिकायला जायचं असेल तर?" म्हटलं, जा. तुझी रेघ तू ओढ, मी आतून ओरडणार नाही.

मोठीमायची ती कोठी आता माझ्याकडे आहे, जिन्याखाली. संध्याकाळी दळणाचे गहू काढायला लेक गेली, तर वरून मोबाईलचा उजेड टाकून बराच वेळ आत बघत होती. गहू अर्ध्याच्याही खाली गेलेत. म्हणाली, रेघ दिसतेय अजून, एका बाजूला पुसट झालीये.

आज तीस नोव्हेंबर, त्यात रविवार. दाखला राहिलेली सगळी माणसं उद्या दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर बसलेली असतील. रुमाल धुऊन वाळत टाकलाय. झोपते.