मेट्रोचा नकाशा आला की मी आधी दार शोधते

नवीन लाइनची किंवा चालू लाइन पुढे वाढवायची घोषणा झाली की तो रंगीत नकाशा सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो आणि खाली कमेंट ठरलेल्या, कधी सुरू होणार, तिकीट किती असणार, आमच्या इथे स्टेशन का नाही. माझा प्रश्न जरा कंटाळवाणा आहे, सांगून ठेवते. स्टेशनचं दार नेमकं कुठे उघडणार, आणि तिथून दहा मिनिटं चालत गेलं की काय काय लागणार? मेट्रो आली की एरिया डेव्हलप होतो असं आपण सरसकट बोलतो ना, ते मला अर्धवट वाटतं. मेट्रोमुळे जमिनीचा भाव नक्की वाढतो. पण त्या भावाचं पुढे काय होतं, तिथे कोण राहतं, कोण बाहेर फेकलं जातं हे दाराबाहेर ठरतं आणि गाडी धावायच्या बरंच आधी ठरतं.

बरंच आधी म्हणजे किती, तर शिकागोचं बघा. तिथे मिडवे विमानतळाकडे जाणारी ऑरेंज लाइन १९९३ ला सुरू झाली. घरांच्या किमतींचा नंतर अभ्यास झाला तेव्हा लक्षात आलं की स्टेशनांच्या आसपासचे भाव १९८७ पासूनच वेगळे वागायला लागले होते, म्हणजे गाडी यायच्या सहा वर्षं आधी. तेव्हा 'सुरू होऊ दे मग बघू' म्हणणारा माणूस उशीरच करत असतो, ज्याला कळायचं त्याला आधीच कळलेलं असतं आणि त्याने जागा घेऊनही टाकलेली असते.

आता यात मला खटकतं ते असं. भाव वाढला कशामुळे, तर सगळ्यांच्या पैशातून बांधलेल्या रुळांमुळे. आणि खिसा कोणाचा भरला, तर ज्याची जमीन योगायोगाने तिथे होती त्याचा. त्याने विटेवर वीट ठेवलेली नसते हो! रेल्वेवाल्यांना हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. जपानमध्ये कोबायाशी इचिझो नावाच्या गृहस्थाने १९१० साली ओसाकाच्या उमेदाहून ताकाराझुकाकडे लाइन काढली, वाटेत वस्ती विरळ, प्रवासी कुठून आणणार? तर त्यांच्या कंपनीने लाइनच्या कडेला आधी जमीन घेतली, घरं बांधली आणि महिन्याच्या हप्त्यावर विकली. एका टोकाला करमणूक उभी केली, दुसऱ्या टोकाला उमेदा स्टेशनातच १९२९ मध्ये डिपार्टमेंट स्टोअर. सकाळी लोक कामाला एका दिशेने, सुट्टीच्या दिवशी उलट्या दिशेने, गाडी दोन्हीकडून भरलेली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेनेही हेच केलं, स्वतःकडच्या जास्तीच्या जमिनीवर उपनगरं वसवली आणि १९१५ पासून त्याला 'मेट्रो-लँड' म्हणून जाहिरात केली.

हाँगकाँगने तर त्याची पद्धतच बसवली. सरकार रेल्वे कंपनीला स्टेशनवरची आणि डेपोवरची जागा विकसित करायचे हक्क देतं, जमिनीची किंमत लावताना रेल्वे यायच्या आधीचा भाव धरतं, मग कंपनी बिल्डर शोधते आणि नफ्यात हिस्सा घेते. वाढलेल्या भावातला मोठा वाटा असा परत रेल्वेकडे येतो. मला हे आवडतं. अडचण एवढीच की रेल्वे कंपनी एकदा बिल्डर झाली की तिला जमीन महाग राहण्यातच फायदा दिसायला लागतो, तेव्हा परवडणाऱ्या घरांचं तिच्यावर सोडून चालत नाही.

पैशाचा विषय बाजूला ठेवून आता दाराकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलाय. वॉशिंग्टनच्या बाहेर, नदीपलीकडे व्हर्जिनियात आर्लिंग्टन म्हणून काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आहे. मेट्रोचा मूळ बेत हायवेच्या मधल्या पट्ट्यातून जायचा होता, साहजिकच, जागा मोकळी आणि खर्च कमी. काउंटीने भांडून लाइन जुन्या, मरगळलेल्या बाजाररस्त्याच्या खालून भुयारातून नेली, महाग पडली तरी. १९७९ मध्ये ती बॉलस्टनपर्यंत पोचली. रॉसलिन ते बॉलस्टन पाच स्टेशनं, आणि नियम असा की स्टेशनच्या अगदी लगत सगळ्यात उंच बिल्डिंगा, जरा लांब गेलं की उंची उतरत जाणार, आणि थोड्या अंतरावर जुनी बैठी घरं तशीच राहणार. मला विचाराल तर या शेवटच्या भागामुळेच ते जमलं. लोकांचा विरोध सहसा आपल्या दारात टॉवर येईल या भीतीचा असतो, आणि इथे टॉवर कुठे थांबणार ते आधीच कागदावर होतं.

हीच लाइन पुढे १९८६ मध्ये व्हिएन्ना नावाच्या स्टेशनपर्यंत गेली, ते मात्र हायवेच्या मधोमध. गाडीतून उतरलं की दोन्ही बाजूंना भरधाव गाड्यांच्या लेन, त्या ओलांडायला पूल, आणि पूल संपला की पार्किंग. तिथे वर्षानुवर्षं गाडी लावून पुढे जाणारेच लोक. एकच लाइन, तेच डबे, आणि फरक सगळा दाराबाहेरचा.

आणि दाराबाहेरचं म्हणजे काय फार मोठं नसतं. जिना चढून वर आलात आणि समोर रेलिंग असेल, रस्ता ओलांडायला लांबचा वळसा असेल, फुटपाथ विजेच्या डबड्यापाशी येऊन संपत असेल, शेजारच्या नव्याकोऱ्या टॉवरने रस्त्याकडे तीन मजले पार्किंगची भिंत केली असेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी रिक्षा शोधतो आणि तिसऱ्या महिन्यात बाइक घेतो. त्या भिंतीच्या जागी छोटे गाळे असते तर संध्याकाळी उजेड असता, येणंजाणं असतं, बाईमाणसाला एकटीने चालायला भीती वाटली नसती. पण एफएसआय, म्हणजे जागेच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण, वाढवून देताना तळमजल्यावर काय करायचं हे कोणी विचारतच नाही, किती मजले एवढंच विचारतात, आणि वर स्टेशनशेजारच्या घरांनाही पार्किंग सक्तीची! मग कशाला बांधली मेट्रो?

भाडेकरूंबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि कौतुकाच्या पोस्टमध्ये नेमके तेच नसतात. कॅनडात व्हँकुव्हरला लागून बर्नाबी शहर आहे, तिथे मेट्रोटाउन भागात स्कायट्रेन, म्हणजे तिथली मेट्रो, १९८० च्या दशकात आली. आसपास तीनचार मजली जुन्या भाड्याच्या इमारती होत्या, भाडं कमी, लोक बऱ्याच वर्षांचे. स्टेशनजवळ दाट वस्ती हवी या चांगल्या तत्त्वाखाली टॉवर आणायचे ठरले, आणि पाडली गेली ती नेमकी हीच घरं. म्हणजे जे लोक खरोखर ट्रेनने जात होते त्यांनाच ट्रेनपासून लांब पाठवलं. खूप आंदोलनं झाली, सत्ता बदलली, आणि मग शहराने नियम केला की पाडलेल्या घरातल्या भाडेकरूला नव्या इमारतीत जुन्याच भाड्याने परत यायचा हक्क, मधल्या काळात भाड्याचा फरक बिल्डरने सोसायचा. नियम चांगलाच आहे. पण तोपर्यंत गेलेली माणसं गेलीच ना.

याउलट स्टॉकहोमने जमीनच आधी घेऊन ठेवली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शहर आजूबाजूची शेतं विकत घेत होतं, त्यामुळे व्हेलिंगबी हे उपनगर वसवताना काम, घर आणि बाजार तिन्ही मेट्रोभोवती बसवता आलं आणि १९५४ मध्ये ते केंद्र सुरू झालं. एवढा लांबचा विचार करायला निवडणुकीच्या पलीकडे बघावं लागतं, असो.

शेवटचं, ते 'खर्च वाचवू, हे स्टेशन नंतर बघू' वाल्यांसाठी. न्यूयॉर्कने मेट्रोची ७ नंबरची लाइन हडसन यार्ड्स नावाच्या भागापर्यंत वाढवली, २०१५ ला उघडली, खर्च सुमारे २४० कोटी डॉलर. शहराने कर्ज काढलं, तिथे ऑफिसं आणि टॉवर होतील त्यांच्या करातून फेडायचं ठरवलं. सुरुवातीची काही वर्षं अपेक्षेएवढा पैसा आलाच नाही, व्याजासाठी शहराला आपल्या तिजोरीतून भर घालावी लागली, आणि २००८ च्या मंदीचाही त्यात हात होता. तरीही शेवटी टॉवर झाले. पण वाटेत टेन्थ अॅव्हेन्यूवर एक स्टेशन होणार होतं, ते महाग म्हणून वगळलं. गाडी आता त्या भागाखालून न थांबता जाते. चालू भुयारात मागाहून स्टेशन घुसवायचं तर ते आधी बांधण्यापेक्षा किती तरी अवघड आणि महाग, हे वगळणाऱ्यांनाही माहीत होतं. लाइनच्या शेवटी मोठ्या बिल्डरांचे टॉवर व्हायचे होते, तिथलं स्टेशन मात्र झालं.